टार्डेबिगच्या चढावरचे पाण्याचे कुलूप

पाणी उताराकडे धावते हे आपल्याकडे लहान पोरही जाणते. पण वीस-पंचवीस टन माल भरलेली होडी दोनशे वीस फुटांचा चढ चढून टेकडीवर जाते, आणि तिला वर उचलते ते निव्वळ पाणी, असे कोणी सांगितले तर तुम्ही त्याच्याकडे जरा संशयानेच पाहाल. मीही पाहिले असते. परंतु २०२३ च्या जून महिन्यात हा प्रकार मी डोळ्यांनी पाहिला, इतकेच नव्हे तर चार ठिकाणी त्याला माझी पाठही लावली. म्हणून आज तुम्हाला तिकडे घेऊन जातो.

माझा भाचा नोकरीनिमित्त इंग्लंडात बर्मिंगहॅमला असतो. त्याच्या घरी काही दिवस गेलो होतो. लंडन पाहून झाले, राजवाडा बाहेरून पाहून झाला. पण सारी नोकरी पाटपाण्याच्या शेतकऱ्यांत गेलेल्या माणसाचे पाय कालवा दिसला की आपोआप थांबतात. भाच्याच्या घरामागूनच एक कालवा जात होता. संथ, हिरवट पाणी, काठाने पायवाट. विचारले, "हा कुठं जातो रे?" तो म्हणाला, "वुस्टरला, मामा. तिथं सेव्हर्न नदीला मिळतो. वाटेत टार्डेबिग म्हणून खेडं आहे, तिथं ओळीनं तीस लॉक आहेत." झाले, माझा रविवार ठरला.

बर्मिंगहॅमहून रेल्वेने ब्रॉम्सग्रोव्हला उतरायचे. उतरायचे हा शब्द इथे अगदी खरा आहे, कारण स्टेशनच्या अलीकडे गाडी दोन मैल घसरगुंडीसारखी खाली येते. लिकी टेकड्यांचा हा उतार रेल्वेने १८४० साली सरळ अंगावर घेतला. वर जाणाऱ्या जड मालगाडीला आजही मागून दुसरे इंजिन लावून ढकलावे लागते. बर्मिंगहॅम पठारावर आणि वुस्टर नदीच्या खोऱ्यात. कालव्यालाही हीच उंची चढायची होती, आणि त्याच्याजवळ इंजिन नव्हते. स्टेशनपासून चालत गेलो. कुंपणाच्या हिरव्या झुडपांमागे मेंढ्या चरत होत्या, कुठे गव्हाचे रान ओंब्यांवर आले होते. मग एका दारूच्या गुत्त्याशेजारी कालवा आडवा आला आणि पहिला लॉक दिसला.

लॉक म्हणजे कुलूप, हा अर्थ आपल्याला ठाऊक आहे. हेही कुलूपच, पण पाण्याचे. कालव्याचे पाणी सपाट हवे, नाहीतर होडी चालणार कशी? जमीन मात्र चढउताराची. म्हणून कालवा पायऱ्यापायऱ्यांनी नेतात, आणि दोन पायऱ्यांच्या मध्ये उभ्या भिंतींचा एक हौद बांधतात. लांबी सुमारे बहात्तर फूट, रुंदी सात फूट. होडी सत्तर फूट लांब आणि सात फुटांना जेमतेम कमी रुंद, म्हणजे म्यानात तलवार बसावी तशी ती हौदात बसते. हौदाला वरच्या बाजूने एक लाकडी दरवाजा, खालच्या बाजूने दोन. होडीला वर चढायचे असेल तर हौद रिकामा करून खालचे दरवाजे उघडायचे, होडी आत घ्यायची, दरवाजे लावायचे आणि वरची झडप उचलून वरचे पाणी हौदात सोडायचे. पाणी चढते, पाण्याबरोबर होडी चढते. दोन्हीकडची पातळी एक झाली की वरचा दरवाजा एका माणसाने लोटला तरी उघडतो. तोवर मात्र चार बैल जुंपले तरी हलायचा नाही.

खालच्या दोन दरवाजांची करामत मला फार आवडली. ते एका सरळ रेषेत मिटत नाहीत. वरच्या पाण्याकडे टोक करून, पाचरीसारखे मिटतात. वरचे पाणी जितके रेटते तितके ते एकमेकांवर घट्ट बसतात. कडी नाही, कोयंडा नाही, पाण्याचा रेटा हाच कोयंडा.

तिसऱ्या लॉकपाशी एक होडी वर निघालेली भेटली. नवराबायको दोघेच, सत्तरीच्या पुढचे. आजोबा सुकाणूवर आणि आजीबाई काठावर. आजीबाईंच्या कमरपट्ट्याला एक लोखंडी हँडल खोचलेले. आपण पूर्वी ऑइल इंजिन फिरवून चालू करायचो ना, तसलेच. झडपेच्या दातेरी पट्टीला ते लावून फिरवायचे, की झडप वर येते. भाच्याने त्यांना सांगितले की माझे मामा भारतात शेतीखात्यात अधिकारी आहेत, त्यांना हात लावून बघायचे आहे. आजीबाई हसल्या आणि म्हणाल्या, "हात नको, पाठ लावायला सांग."

दरवाजाला एक लांबलचक जाड तुळई असते, काळी रंगवलेली, टोक पांढरे. तिला पाठ टेकून, मागे रेलून पायांनी जोर द्यायचा. पाय घसरू नये म्हणून जमिनीत विटांच्या उंच ओळी अर्धगोलात बसवलेल्या आहेत. मी जोर लावला. पहिल्यांदा काहीच झाले नाही. "थांबा, पाण्याला पूर्ण होऊ द्या," बाई म्हणाल्या. क्षणभराने तोच दरवाजा म्हशीने मान वळवावी तसा सावकाश वळला. बाईंनी आणखी एक गोष्ट शिकवली. होडी बाहेर पडली की निघण्यापूर्वी दोन्ही बाजूंच्या झडपा खाली पडल्या आहेत की नाही ते डोळ्यांनी पाहायचे. एक जरी उघडी राहिली, तर वरचे पाणी रात्रभर खाली गळत राहते आणि सकाळी मागून येणाऱ्याची होडी चिखलात बसते. पाटाचे दार उघडे टाकून घरी गेलेला माणूस आठवून मला मनातल्या मनात हसू आले.

आता पाण्याचा हिशेब सांगतो, कारण या साऱ्या गोष्टीचा जीव त्यात आहे. एक हौद एकदा भरायला साधारण एक लाख लिटर पाणी लागते. आपल्या मापात सांगायचे तर एक एकर रानात एक इंच उभे राहील इतके. म्हणजे एक होडी चढली की माथ्यावरचे एक एकर-इंच पाणी खाली गेले. होडी चढो वा उतरो, पाणी खालीच जाणार. ते पुन्हा आपणहून वर येत नाही. यात काटकसरीची एकच वाट आहे. एक होडी वर गेली की हौद भरलेला राहतो. त्याच भरल्या हौदातून समोरची होडी खाली घेतली तर एका पाण्यात दोघांचे काम होते. म्हणून चांगला होडीवाला हौद आपल्याला सोयीचा नसेल आणि समोरून कोणी येत असेल, तर थांबून त्याला आधी येऊ देतो. पाळीचा धर्म तिकडेही आहे.

वुस्टर ते बर्मिंगहॅम हा कालवा सुमारे तीस मैलांचा. त्यात एकंदर ५८ लॉक, चढ ४२८ फुटांचा. पैकी ३० लॉक एकट्या टार्डेबिगच्या सव्वादोन मैलांत. तेवढे चढायला होडीला तीन-चार तास लागतात. आज या होड्या सहलीच्या किंवा हौसेने राहण्याच्या आहेत, त्यांना डिझेल इंजिन आहे. पण पूर्वी घोडा काठाने चालायचा आणि दोर ओढायचा. खाली येणारा माल मुख्यत्वे कोळसा. पायथ्याजवळ स्टोकला मिठाचे कारखाने निघाले, ते मीठही याच कालव्याने जाई. बोर्नव्हिलचा चॉकलेटचा प्रसिद्ध कारखाना १८७९ साली याच कालव्याच्या काठी आला.

या होड्यांवर अख्खी कुटुंबे राहत. सत्तर फुटांपैकी साठ फूट मालाचे, मागची आठ-दहा फुटांची खोली कुटुंबाची. रुंदी सात फुटांच्या आत. तिच्यातच चूल, तिच्यातच मोडून ठेवायचा पलंग, तिच्यातच पोरे. सुकाणूवर बाई, लॉकवर पुरुष, घोड्यामागे पोरगा. आणि बाळंतपणही तिथेच. आज इथे तर उद्या तिथे, त्यामुळे पोरांच्या शाळेचे नाव नको. तरीही त्या बाया दारावर आणि पाण्याच्या डब्यावर गुलाबाची फुले आणि किल्ले रंगवलेले मिरवीत, पितळ घासून लख्ख ठेवीत. ऊसतोडीच्या कोप्या ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना यापेक्षा जास्त सांगायला नको.

पाणी आले की भांडण आले, हे फक्त आपल्याकडेच असे समजू नका. या कालव्याला १७९१ साली पार्लमेंटने कायद्याने परवानगी दिली. त्याबरोबर ओढ्यांवर पाणचक्क्या चालवणारे उठले, की आमचे पाणी तुम्ही पळवणार. त्यांचे म्हणणे रास्त होते. कालव्याच्या कंपनीला त्यांच्यासाठी वेगळे तलाव बांधून द्यावे लागले. बिटेल येथे दोन तलाव शेजारीशेजारी आहेत. वरचा कालव्याचा आणि खालचा चक्कीवाल्यांच्या भरपाईचा. आणि बर्मिंगहॅमच्या टोकाला तर कहरच. तिथे आधीपासून दुसऱ्या कंपनीचा कालवा होता. ती म्हणाली, तुमचा कालवा आमच्याला जोडायचा नाही, आमचे पाणी तुमच्यात उतरेल. मग दोन्ही कालव्यांच्या मध्ये सात फूट रुंदीचा बांध ठेवला. १७९५ साली कालव्याचा पहिला तुकडा सुरू झाला, तेव्हापासून पुढची वीस वर्षे इकडच्या होडीतला माल माणसांनी उचलून बांधावरून तिकडच्या होडीत भरला. सात फुटांसाठी! बांधाला बांध लागलेल्या भावकीने हे वाचून मनाला लावून घेऊ नये. १८१५ साली तडजोड झाली आणि बांधात एक लहानसा लॉक बसला. तो बांध अजून तिथे आहे, भाच्याने मला नंतर मुद्दाम नेऊन दाखवला.

असे सगळे ऐकत, थांबत, पाठ लावत आम्ही वर चढत होतो. माथ्याजवळ डाव्या-उजव्या झाडीवर टार्डेबिगच्या देवळाचा टोकदार मनोरा दिसू लागतो. हे चर्च १७७७ सालचे, म्हणजे कालव्याहून जुने. आणि मग शेवटचा, सर्वांत वरचा लॉक येतो, क्रमांक ५८. खालचे लॉक सात-सात फुटांचे, हा मात्र बराच खोल आहे. काठावरून आत वाकून पाहिले तर जुन्या विहिरीत डोकावल्यासारखे वाटते. ओल्या भिंती, शेवाळ, आणि खाली आजोबांची टोपी. एकटाच इतका खोल का, याची एक हकीगत आहे.

बर्मिंगहॅमकडून खणत आलेला कालवा १८०७ पर्यंत टार्डेबिगला पोहोचला. पैसा संपत आला होता आणि पुढे हा उभा उतार. लॉक बांधायचे तर पाणी कुठून आणायचे, ही काळजी होतीच. तेव्हा जॉन वुडहाउस नावाच्या अभियंत्याने एक यंत्र काढले. पाण्याने भरलेली मोठी लाकडी टाकी, पाण्यासकट वजन ६४ टन. ती साखळ्यांना टांगलेली, साखळ्या लोखंडी चाकांवरून पलीकडे, आणि तिकडच्या टोकाला विटा भरलेले पारडे. सरळ सरळ तराजू. होडी टाकीत शिरली की तिच्या वजनाइतके पाणी टाकीबाहेर जाते. भरल्या घंगाळात तांब्या तरंगत सोडला की पाणी सांडते तसे. त्यामुळे वजन ठरल्याइतकेच राहते आणि दोन माणसे चाक फिरवून अख्खी होडी बारा फूट वर-खाली करू शकतात. पाणी जवळजवळ लागतच नाही! १८०८ साली हे यंत्र याच जागी उभे राहिले. एका चाचणीत बारा तासांत ११० होड्या त्यातून गेल्या.

इतके असूनही कंपनीने ते नाकारले. जॉन रेनी या त्या काळच्या नावाजलेल्या अभियंत्याचा सल्ला घेतला. त्याचे मत पडले की यंत्र बुद्धीने उत्तम, पण रोजच्या धसमुसळ्या वापराला नाजूक. रात्री-बेरात्री, पावसात, घाईत असलेले होडीवाले ते वापरणार. साखळी तुटली, टाकी गळाली तर सारा कालवा अडला. त्यापेक्षा विटांचे हौद आणि लाकडी दरवाजे बरे. यंत्र काढले आणि त्याचा सगळा चढ एकाच हौदात घेऊन हा खोल लॉक बांधला. डिसेंबर १८१५ मध्ये कालवा वुस्टरपर्यंत खुला झाला. पण पाणी कुठून आणायचे हा प्रश्न उरलाच. मग कंपनीने याच चढावर तलाव बांधला, तो माथ्यापासून पन्नास फूट खाली, आणि त्यातले पाणी वर चढवायला वाफेचे इंजिन बसवले. त्या इंजिनघराची उंच इमारत आजही काठाशी उभी आहे. यंत्र नको म्हणून लॉक बांधले आणि लॉकसाठी पुन्हा यंत्रच आणले.

तिथे काठावर बसून मी भाच्याने आणलेला डबा खाल्ला, पण माझे लक्ष जेवणात नव्हते. वुडहाउस बरोबर की रेनी, हे माझ्या डोक्यात फिरत होते, आणि त्याला कारण आहे.

१९९८ साली मी नोकरीत नवा होतो. ठिबकचे वारे होते आणि माझ्या अंगात ते पुरते भरले होते. माझ्या हद्दीतल्या एका गावात तात्या म्हणून एक शेतकरी होते. विहिरीचे पाणी थोडे, केळीचा बाग दीड एकराचा. मी त्यांच्या ओट्यावर चार-पाच वेळा जाऊन बसलो आणि त्यांना ठिबक घ्यायला लावले. निम्मे पाणी वाचेल हे गणित मी त्यांना पाटीवर मांडून दाखवले होते. गणित चूक नव्हते. पण त्यांच्या विहिरीचे पाणी क्षारांचे होते. गाळणी कशी धुवायची, नळ्यांना आम्लाची प्रक्रिया कधी करायची, हे मी एकदा घाईत सांगितले आणि दुसऱ्या गावाला निघून गेलो. ऐन उन्हाळ्यात ड्रिपर बुजले. कोणत्या झाडाला पाणी मिळते, कोणत्या नाही, हे कळेपर्यंत घड पोसायचे दिवस गेले. मी गेलो तेव्हा नळ्यांची वेटोळी गोठ्याच्या आढ्याला टांगलेली होती. तात्या ओरडले नाहीत. एवढेच म्हणाले, "साहेब, पाणी वाचलं असंल, पण बाग गेली माझी." चहा दिला. तो चहा मला अजून आठवतो.

त्या लॉककाठी मला पहिल्यांदा असे वाटले की रेनी आपल्यापेक्षा शहाणा होता. त्याने यंत्र चालते का एवढेच विचारले नाही. ते कोण चालवणार, बिघडले तर कोण दुरुस्त करणार, हेही विचारले. मी तात्यांच्या बाबतीत नेमके हेच विचारले नव्हते. पण भाच्याला हे सांगितले तर तो म्हणाला, "मामा, वुडहाउसला अगदीच मोडीत काढू नका. त्याच कल्पनेची होड्यांची लिफ्ट पुढं अँडर्टनला झाली, ती पन्नास फूट उचलते." ती १८७५ सालची. म्हणजे साठ-सत्तर वर्षांनी लोखंडकाम सुधारले आणि चालवणारी माणसे तयार झाली, तेव्हा लिफ्टही उभी राहिली. तात्या आता नाहीत. त्यांच्या मुलाच्या सगळ्या रानात आज ठिबक आहे आणि तो दर आठवड्याला गाळणी उघडून धुतो. त्याला ते कोणी शिकवले हे मी विचारले नाही.

याच वरच्या लॉकशेजारी एक लहानसे स्मारक आहे. रेल्वे आणि मोटारींपुढे कालव्यांचा धंदा बसला, लॉक मोडकळीला आले, कित्येक कालवे बुजवले गेले. त्या काळात टॉम रोल्ट नावाचा एक अभियंता पत्नीसह आपल्या होडीवर राहत असे. युद्धाच्या वर्षांत त्याची होडी इथेच बांधलेली होती. कालव्यांवरचे त्याचे पुस्तक १९४४ साली निघाले. ते वाचून रॉबर्ट एकमन नावाचा लंडनचा लेखक १९४५ साली त्याला भेटायला इथे आला. त्या भेटीतून पुढच्या वर्षी कालवे वाचवणारी संघटना निघाली. नंतर कोणते कालवे आधी वाचवायचे यावरून दोघांचे बिनसले आणि १९५१ मध्ये रोल्टला संघटनेतून काढले. चळवळींचे असेच असते. कालवे मात्र बरेच वाचले. २०१२ पासून इंग्लंडातले बहुतेक कालवे एका धर्मादाय न्यासाकडे आहेत आणि लॉकवर पुष्कळ ठिकाणी निवृत्त माणसे बिनपगारी राबतात. पाण्याची काळजी मात्र सुटलेली नाही. २०२२ च्या उन्हाळ्यात तिकडेही अवर्षण पडले, तेव्हा काही कालव्यांवर लॉक बंद ठेवावे लागले.

आम्ही बसलो होतो तोवर आजीआजोबांची होडी त्या खोल हौदात हळूहळू वर येत होती. आधी टोपी, मग आजोबांचा चेहरा, मग रंगवलेली खोली, मग सारी होडी आमच्या पायांच्या उंचीला. वरचा दरवाजा मी एकट्याने उघडला, यावेळी न घाई करता. होडी बाहेर पडली. पुढे बोगदा आहे, ५८० यार्डांचा. त्यात घोड्याला वाट नसल्याने पूर्वी घोडा टेकडीवरून पलीकडे न्यावा लागे. आजीबाई होडीवर चढल्या, हात हलवला आणि बोगद्याच्या अंधाराकडे होडी वळता वळता ओरडून काहीतरी म्हणाल्या. मी भाच्याकडे पाहिले.

"झडपा बघितल्या का, असं विचारतायत."

मी परत गेलो. अलीकडची खाली होती. पलीकडची वीतभर उघडी होती आणि आत पाणी खळखळत होते. आजीबाईंचे हँडल त्यांच्याबरोबर गेलेले. मग भाचा धावत होडीमागे गेला आणि मी त्या झडपेपाशी उभा राहिलो.